वृत्तचितीचं हरवलेलं माप: टाकी, विहीर, पिंप आणि उलटी गणितं

वृत्तचितीची (पिंप, डबा असा सरळ गोल आकार) त्रिज्या आणि उंची दिली की घनफळ कोणालाही काढता येतं. आकडे सूत्रात घालायचे, गुणाकार करायचा, झालं. घोडं अडतं ते उलट्या बाजूनं जाताना. टाकीवर १००० लिटर लिहिलंय, पण गच्चीवरच्या पत्र्याखाली ती मावेल का? विहिरीत उतरायचं नाही, मग तिची त्रिज्या कशी काढायची? दहावीच्या पेपरात एकूण पृष्ठफळ आणि उंची देऊन त्रिज्या मागितली तर सुरुवात कुठून करायची?

हा लेख अशा उलट्या गणितांसाठी आहे. शाळेतल्या मुलांना तो उपयोगी पडेलच, पण गोव्यात फोंड्याकडच्या कुळागरात (पोफळी-नारळाच्या बागेत) विहीर असलेल्या, गच्चीवर टाकी बसवणाऱ्या किंवा मे महिन्यात टँकरची वाट बघणाऱ्या घरालाही पडावा, म्हणून उदाहरणं दोन्हीकडची घेतली आहेत.

दोनच सूत्रं पाठ करा

गाइडांमध्ये वृत्तचितीच्या सूत्रांचे तक्ते असतात. घनफळावरून उंची, पृष्ठफळावरून त्रिज्या, प्रत्येकाची वेगळी ओळ. माझ्या मते हे तक्ते मुलांचं नुकसान करतात. परीक्षेत ओळ आठवली नाही की सगळंच गेलं. मुळात लागतात ती दोन:

घनफळ = पाय (π) × त्रिज्या² × उंची
वक्रपृष्ठफळ = २ × पाय × त्रिज्या × उंची

पहिल्याचा अर्थ, तळाचं क्षेत्रफळ गुणिले उंची. दुसरं समजून घ्यायला डब्यावरचा कागद सोडवून सपाट पसरून बघा: आयत मिळतो, त्याची एक बाजू परीघ आणि दुसरी उंची. एकूण पृष्ठफळ हवं असेल तर वक्रपृष्ठफळात वरचं आणि खालचं अशी दोन वर्तुळं मिळवायची:

एकूण पृष्ठफळ = २ × पाय × त्रिज्या × (त्रिज्या + उंची)

झाकण नसलेल्या टाकीला एकच वर्तुळ मिळवायचं. दोन्ही बाजूंनी उघड्या नळीला एकही नाही. पेपरात गुण जातात ते बहुतेक इथेच, म्हणून आधी चित्र काढा आणि किती झाकणं आहेत ते त्यावर लिहा.

आता मुख्य गोष्ट. वृत्तचितीला मापं दोनच असतात, त्रिज्या आणि उंची. त्यामुळे ती पूर्ण ठरवायला दोन स्वतंत्र गोष्टी माहीत असाव्या लागतात. ‘स्वतंत्र’ हा शब्द महत्त्वाचा. व्यास ७० सेंमी आणि परीघ २२० सेंमी हे दोन आकडे दिसले तरी माहिती एकच आहे, कारण व्यास कळला की परीघ आपोआप कळतो. उंचीबद्दल त्यात अवाक्षर नाही. गणित सुरू करण्यापूर्वी कागदावर लिहा: काय दिलंय, काय हवंय, आणि दिलेल्या गोष्टी खरंच दोन आहेत का.

पाय कितीचा घ्यायचा?

शाळेत २२/७, घरी कॅल्क्युलेटरवर ३.१४१६. हा घोळ जुनाच आहे आणि त्याचा निकालही जुनाच लागलेला आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘लीलावती’त दोन्ही दिले: ३९२७/१२५० हा सूक्ष्म, आणि २२/७ हा स्थूल पण व्यवहाराला योग्य. पहिला भागाकार करून पाहा, नेमका ३.१४१६ येतो. २२/७ मधली चूक दहा हजारांत सुमारे चारची, म्हणजे हजार लिटरच्या टाकीत अर्धा लिटरही नाही. टेपनं मोजताना त्याच्या कितीतरी पट चूक होते. तेव्हा गणितात ७, १४, २१, ३५ असे आकडे दिसले तर २२/७ घ्या, छेद सरळ कटतो. नाहीतर ३.१४१६.

एककांचंही आत्ताच उरकून घेऊ. १००० घनसेंटिमीटर म्हणजे १ लिटर. १ घनमीटर म्हणजे १००० लिटर. १ घनफूट म्हणजे सुमारे २८.३ लिटर. गवंडी फुटात बोलतो, टाकीवाला लिटरमध्ये, पुस्तक सेंटिमीटरमध्ये. गणित मांडण्याआधी सगळं एकाच भाषेत आणा. अर्धं सोडवून झाल्यावर बदलायला गेलात तर शून्यं सांडतात.

मोजायचं कसं

आधी ती वृत्तचिती आहे का ते बघा. घुमट नाही, त्याचं पोट फुगलेलं असतं. कळशी नाही. बादलीही नाही, ती वर रुंद आणि खाली अरुंद. मंगेशीच्या देवळापुढचा दीपस्तंभ लांबून गोल खांबासारखा वाटला तरी मजल्यामजल्याला त्याचा घेर बदलतो. सोपी कसोटी: तळाशी, मध्ये आणि वर अशा तीन ठिकाणी टेपनं घेर घ्या. तिन्ही आकडे जवळपास सारखे आले तर पुढे चला.

घेर म्हणजे परीघ, आणि शक्य तिथे व्यासाऐवजी तोच मोजा. पट्टी आडवी धरून व्यास मोजताना ती केंद्रातूनच जाईल याची खात्री नसते, आणि केंद्र चुकलं की आकडा नेहमी कमीच येतो, जास्त कधीच नाही. उलट टेपनं परीघ मोजताना एक सेंटिमीटर चुकला तरी व्यासात जेमतेम तीन मिलिमीटरचा फरक पडतो, कारण ती चूकही पायनं भागली जाते. शिंप्याची टेप असेल तर उत्तम, नाहीतर सुतळी गुंडाळून ती पट्टीवर मोजा. टेप तिरकी जाऊ देऊ नका, तिरकी टेप परीघ वाढवून सांगते.

त्रिज्येकडे एवढं लक्ष कशाला, तर सूत्रात तिचा वर्ग आहे. उंचीत एक टक्का चूक झाली तर घनफळ एक टक्का चुकतं. त्रिज्येत एक टक्का चुकलात तर घनफळ दोन टक्के चुकतं.

गच्चीवरची प्लास्टिकची टाकी घ्या. बाहेरून घेर ३४५ सेंमी भरला.

व्यास = ३४५ ÷ ३.१४१६ = १०९.८ सेंमी
त्रिज्या = ५४.९ सेंमी

१००० लिटर म्हणजे १०,००,००० घनसेंमी. घनफळ आणि त्रिज्या माहीत, उंची हवी, म्हणून घनफळाला तळाच्या क्षेत्रफळानं भागायचं:

तळाचं क्षेत्रफळ = ३.१४१६ × ५४.९² = ९४६९ चौसेंमी
उंची = १०,००,००० ÷ ९४६९ = १०५.६ सेंमी

पण घेर आपण बाहेरून घेतला, आणि पाणी आत असतं. टाकीची भिंत अर्धा सेंटिमीटर जाड धरली तर आतली त्रिज्या ५४.४ सेंमी, तळ ९२९७ चौसेंमी, आणि उंची १०७.६ सेंमी. अर्ध्या सेंटिमीटरनं उंची दोन सेंटिमीटर वाढली. त्यातून या टाक्यांना आडव्या वळ्या असतात. टेप वळ्यांच्या माथ्यावरून जाते, म्हणजे खरी त्रिज्या आणखी थोडी कमी. शिवाय वरचा घुमटाकार भाग आणि झाकणाची मान या हिशेबात नाहीत. पत्र्याखाली जागा मोजताना १०७ सेंमीवर थांबू नका. वरचा घुमट आणि झाकण उघडायला हात जाईल एवढी जागा वेगळी धरा.

विहीर: न उतरता त्रिज्या

आता मला सर्वांत आवडतं ते गणित. चिऱ्यांनी बांधलेली गोल विहीर, भोवती कठडा. वाकून आत टेप सोडायची नाही, मुलांना तर जवळही येऊ द्यायचं नाही. तरीही त्रिज्या दोन वेगळ्या वाटांनी मिळते.

पहिली वाट कठड्याची. बाहेरून घेर घ्या, समजा ९.८ मीटर. बाहेरचा व्यास ९.८ ÷ ३.१४१६ म्हणजे ३.१२ मीटर. कठड्याची जाडी गिलाव्यासकट २६ सेंमी. ती दोन्ही बाजूंनी वजा करायची, एकदाच वजा करण्याची चूक फार होते:

आतला व्यास = ३.१२ − (२ × ०.२६) = २.६० मीटर
त्रिज्या = १.३० मीटर
तळाचं क्षेत्रफळ = ३.१४१६ × १.३० × १.३० = ५.३१ चौमीटर

हा ५.३१ आकडा विहिरीजवळ कुठेतरी लिहून ठेवण्यासारखा आहे. एक मीटर पाणी म्हणजे ५३१० लिटर, दहा सेंटिमीटर म्हणजे ५३१ लिटर. दोरीला दगड बांधून तळापर्यंत सोडा, दोरी सैल पडली की वर ओढा, आणि भिजलेला भाग मोजा. २.४ मीटर भिजली असेल तर पाणी ५.३१ × २.४ = १२.७ घनमीटर, म्हणजे १२,७०० लिटरच्या आसपास.

या वाटेत एक खोट आहे. कठडा बऱ्याचदा नंतर बांधलेला असतो, आणि खालची विहीर त्याहून थोडी रुंद किंवा अरुंद असू शकते. म्हणून दुसरी वाट, पाणी उपसून.

गच्चीवरची १००० लिटरची टाकी पूर्ण रिकामी करा. विहिरीत दोरी सोडून पाण्याच्या पातळीची खूण कठड्याशी करा. पंप लावून टाकी भरा, लगेच पातळी पुन्हा बघा. समजा १९ सेंमी उतरली. विहिरीतून काढलेलं पाणीही एक वृत्तचितीच आहे: घनफळ १ घनमीटर, उंची ०.१९ मीटर, त्रिज्या अज्ञात.

त्रिज्या² = घनफळ ÷ (पाय × उंची)
= १ ÷ (३.१४१६ × ०.१९)
= १.६७५
त्रिज्या = १.६७५ चं वर्गमूळ = १.२९ मीटर

कठड्यावरून आले १.३०, उपशावरून १.२९. दोन्ही जुळले की निर्धास्त. जुळले नाहीत तर उपशाचा आकडा खरा माना, कारण तो पाणी असलेल्या भागाबद्दल बोलतो.

इथे वर्गमूळ आपल्या बाजूनं काम करतं. मघाशी त्रिज्येची चूक दुप्पट होत होती. आता उलट जाताना चूक निम्मी होते. पातळी १९ च्या जागी १८ किंवा २० वाचली, म्हणजे पाच टक्क्यांची चूक झाली, तरी त्रिज्या १.३३ ते १.२६ यांच्यातच राहते, अडीच टक्क्यांच्या आसपास. ओबडधोबड मोजणीतूनही ठीकठाक त्रिज्या मिळते ती म्हणूनच.

एक सावधगिरी. उपसा चालू असताना विहिरीला झरा चालूच असतो, त्यामुळे पातळी खरं तर जास्त उतरायला हवी होती. पावसाळ्यात हा प्रयोग करूच नका. एप्रिल-मे मध्ये, पाझर मंद असताना आणि पंप जोरात चालत असताना करा. पंप बंद केल्यावर पाच मिनिटांत पातळी किती चढते तेही बघून ठेवा, म्हणजे पाझराचा अंदाज येतो.

पत्रा कुठल्या बाजूनं वळवायचा

८ बाय ४ फुटी पत्रा आहे, त्याचा पिंपासारखा गोल करायचाय. दोन पर्याय: ८ फूट परीघ आणि ४ फूट उंची, किंवा ४ फूट परीघ आणि ८ फूट उंची. वक्रपृष्ठफळ दोन्हीकडे ३२ चौफूट, पत्रा तोच. जोडाची घडी सोडून देऊ.

पहिल्यात त्रिज्या ८ ÷ ६.२८३२ = १.२७३ फूट, घनफळ २०.४ घनफूट, म्हणजे सुमारे ५७७ लिटर. दुसऱ्यात त्रिज्या बरोबर निम्मी, घनफळ १०.२ घनफूट, २८८ लिटर. बुटका पिंप उंच पिंपाच्या दुप्पट भरतो.

यामागचं सूत्र फार कमी पुस्तकांत ठळक छापलेलं दिसतं. घनफळाला वक्रपृष्ठफळानं भागा. पाय जातो, उंची जाते, एक त्रिज्या जाते, आणि उरते निम्मी त्रिज्या. म्हणजे:

त्रिज्या = २ × घनफळ ÷ वक्रपृष्ठफळ

घनफळ आणि वक्रपृष्ठफळ दिलं असेल तर एवढ्या एका ओळीत काम होतं, पायची गरज फक्त उंची काढताना. उदाहरणार्थ सिमेंटची गोल टाकी ४० घनमीटरची, आणि रंगाऱ्यानं बाजूच्या भिंतीचे ५० चौमीटर लावले. त्रिज्या = ८० ÷ ५० = १.६ मीटर. उंची = ४० ÷ (३.१४१६ × २.५६) = ४.९७ मीटर. ताळा करा: २ × ३.१४१६ × १.६ × ४.९७ म्हणजे ५० च्या अगदी जवळ. रंगारी बाहेरून मोजतो आणि पाणी आतून मोजलं जातं, त्यामुळे जाड भिंतीच्या टाकीत हे उत्तर अंदाजाचं समजा. तरी बिलात ५० च्या जागी ७० लिहिले असतील तर ते यातून उघडं पडतं.

एकूण पृष्ठफळ आलं की वर्गसमीकरण

एकूण पृष्ठफळ आणि त्रिज्या दिली तर काही विशेष नाही. एकूण पृष्ठफळाला २ × पाय × त्रिज्या यानं भागा, उत्तर त्रिज्या + उंची. त्यातून त्रिज्या वजा करा.

एकूण पृष्ठफळ आणि उंची दिली तर मात्र त्रिज्या दोन ठिकाणी अडकलेली असते, एकदा कंसाबाहेर आणि एकदा कंसात. मुलं इथे एकीकडची त्रिज्या दुसरीकडे नेत गोल गोल फिरतात. फिरू नका, सरळ वर्गसमीकरण मांडा. एकूण पृष्ठफळ २६४० चौसेंमी, उंची १६ सेंमी:

२ × २२/७ × त्रिज्या × (त्रिज्या + १६) = २६४०
त्रिज्या × (त्रिज्या + १६) = ४२०
त्रिज्या² + १६ त्रिज्या − ४२० = ०
(त्रिज्या + ३०)(त्रिज्या − १४) = ०

त्रिज्या उणे ३० असू शकत नाही, म्हणून १४ सेंमी. तोंडी ताळा: १४ गुणिले ३० बरोबर ४२०. अवयव पडत नसतील तर सूत्रानं सोडवा. उणे उत्तर दरवेळी एक येणारच, ते टाकून द्यायचं.

उंची आणि त्रिज्येचं गुणोत्तर दिलेलं गणित याहून सोपं, पण त्यात घनमूळ येतं. ५०० लिटरची टाकी हवी, उंची व्यासाइतकीच. उंचीच्या जागी २ × त्रिज्या लिहा: २ × पाय × त्रिज्या³ = ५,००,०००, म्हणून त्रिज्या³ = ७९,५७७, त्रिज्या ४३ सेंमी, व्यास आणि उंची ८६ सेंमी.

घनफळ आणि एकूण पृष्ठफळ: उत्तरं दोन निघतात

मघाच्याच डब्याचं घनफळ काढू: २२/७ × १४ × १४ × १६ = ९८५६ घनसेंमी. आता प्रश्न उलटा करा. घनफळ ९८५६, एकूण पृष्ठफळ २६४०, त्रिज्या आणि उंची काढा. दोन अज्ञात, दोन स्वतंत्र गोष्टी. मग उत्तर १४ आणि १६ एवढंच यायला हवं ना?

करून बघू. घनफळावरून उंची = ३१३६ ÷ त्रिज्या² (९८५६ ला २२/७ नं भागलं की ३१३६). पृष्ठफळावरून त्रिज्या² + त्रिज्या × उंची = ४२०. उंची त्यात घातली की:

त्रिज्या² + ३१३६ ÷ त्रिज्या = ४२०

हे घन समीकरण आहे, शाळेत शिकवत नाहीत. पण कॅल्क्युलेटर घेऊन डावी बाजू वेगवेगळ्या त्रिज्यांसाठी काढायला कोण अडवतंय? त्रिज्या ९ घेतली तर ४२९.४. दहाला ४१३.६. बाराला ४०५.३. तेराला ४१०.२. चौदाला बरोबर ४२०.

आकडे नीट बघा. ४२९ वरून उतरत ४०५ पर्यंत आले आणि पुन्हा चढून ४२० झाले. म्हणजे उतरतानाही ४२० कुठेतरी लागलं असणार, नऊ आणि दहाच्या मध्ये. साडेनऊला ४२०.४ येतात. आणखी बारीक केलं की ९.५२ मिळते. (बीजगणितानं: १४ हे एक मूळ काढून टाकलं की त्रिज्या² + १४ त्रिज्या − २२४ = ० उरतं, त्याचं धन मूळ ९.५२.) उंची = ३१३६ ÷ ९०.७ = ३४.६ सेंमी.

एक डबा बुटका, त्रिज्या १४ आणि उंची १६. दुसरा उंच, त्रिज्या ९.५२ आणि उंची ३४.६. दोघांत तेल सारखंच मावतं, दोघांना पत्राही सारखाच लागतो. नुसत्या या दोन आकड्यांवरून कोणता डबा ते ठरत नाही, तिसरी काहीतरी खूण लागते: डबा उंच की बुटका, फळीवर बसतो की नाही.

मधल्या खोलगटीलाही अर्थ आहे. तेवढ्याच घनफळाला सगळ्यांत कमी पत्रा लागतो तो उंची व्यासाइतकी असताना. इथे त्रिज्या ११.६ सेंमी, उंची २३.२, आणि पृष्ठफळ सुमारे २५४५ चौसेंमी. कोणी ९८५६ घनसेंमीचा बंद डबा २४०० चौसेंमी पत्र्यात करून देतो म्हणाला, तर तो गोल डबा होणार नाही हे न मोजता सांगता येतं. गणित घालणाऱ्या शिक्षकांनीही ही सीमा तपासावी. मनाला येतील ते दोन आकडे घातले की उत्तर नसलेलं गणित तयार होतं, आणि वर्गातली हुशार मुलं तासभर त्यात अडकून पडतात.

बंद पिंप, लहान तोंड

लोखंडी पिंपाला वरच्या झाकणात कडेजवळ बूच असतं. आत टेप जात नाही, काठी जाते. काठी बुचातून सरळ खाली सोडा: ८५ सेंमी, ही आतली उंची. मग तीच काठी तिरकी करून समोरच्या बाजूच्या तळाच्या कोपऱ्यात टेकवा: १०० सेंमी. पायथागोरस:

आडवं अंतर² = १००² − ८५² = १०,००० − ७२२५ = २७७५
आडवं अंतर = ५२.७ सेंमी

हा अजून व्यास नव्हे. बूच जवळच्या कडेपासून ४.५ सेंमी आत आहे, ते मिळवा: ५७.२ सेंमी. त्रिज्या २८.६, घनफळ ३.१४१६ × ८१८ × ८५, म्हणजे सुमारे २१८ लिटर. पिंपावर २०० लिहिलेलं असतं. फरक बघून गणित चुकलं समजू नका, काठोकाठ न भरता वर रिकामी जागा सोडायची असते, त्यासाठीची ती वाढ आहे. बूच काठीपेक्षा बरंच रुंद असेल तर काठी कुठल्या कडेला टेकते तेही बघा, दोन्ही मापं एकाच टेकूपासून घ्या.

आडवी वृत्तचिती आणि टँकर

उभ्या टाकीत पाव उंची म्हणजे पाव पाणी. आडव्या टाकीत तसं नसतं, कारण तळाशी टाकी अरुंद आणि मध्ये रुंद. टाकीची लांबी कितीही असो, भरलेला हिस्सा फक्त पाणी व्यासाच्या किती भागापर्यंत आलंय त्यावर ठरतो:

व्यासाच्या १०% उंचीला ५.२% पाणी
२०% ला १४.२%
२५% ला १९.६%
३०% ला २५.२%
४०% ला ३७.४%
५०% ला ५०%

त्यावरच्या उंचीसाठी रिकामा भाग बघा. ७५% उंचीपर्यंत पाणी असेल तर वर २५% रिकामं, म्हणजे १९.६% जागा मोकळी आणि ८०.४% भरलेली.

रस्त्यावरचे बरेच टँकर मात्र गोल नसून लंबगोल असतात, रुंदी जास्त आणि उंची कमी. तरी वरचा तक्ता तसाच चालतो. वर्तुळ आडवं ताणलं की लंबवर्तुळ होतं, आणि प्रत्येक थर त्याच पटीत ताणला जातो, त्यामुळे हिस्से बदलत नाहीत. फक्त एकूण घनफळ काढताना त्रिज्येच्या वर्गाऐवजी अर्धी रुंदी गुणिले अर्धी उंची घ्यायची. टँकर आतून १.८ मीटर रुंद, १.२ मीटर उंच आणि ३ मीटर लांब असेल तर:

३.१४१६ × ०.९ × ०.६ × ३ = ५.०९ घनमीटर, म्हणजे ५०९० लिटर

वरच्या तोंडातून काठी घातली आणि ती ९० सेंमीपर्यंत भिजली, तर पाणी पाऊण उंचीला आहे. ५०९० चे ८०.४ टक्के, सुमारे ४०९० लिटर. टँकर सपाट जागी उभा असताना मोजा. चढावर पाणी एका टोकाला जमतं आणि काठी कुठे घातली त्यावर आकडा बदलतो.